प्रेसवर हात सापडला तर

नाशिकच्या सातपूरला मी वर्षानुवर्षं पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबून कापणाऱ्या मशीनवर, काम केलंय, म्हणून कळकळीनं सांगतो: लागलं की आधी दवाखाना, आणि केसपेपरवर काय लिहिलं जातंय ते तिथंच वाचा. सुपरवायझर कानात सांगतो, "घरी लागलं म्हण, कंपनी बघून घेईल." अजिबात म्हणू नका. "प्रेसवर काम करताना डाव्या हाताचं बोट चेपलं," असं स्पष्ट यायला हवं. तारीख, वेळ, शिफ्टसकट. पुढचा भरपाईचा सगळा दावा त्या कागदावर उभा राहतो.

मग कंपनीच्या अपघात नोंदवहीत नोंद करायला लावा.

पगारातून ईएसआयसी, म्हणजे कामगार राज्य विम्याचा हप्ता, कापलं जात असेल तर सातपूरचं कामगार विमा रुग्णालय आहेच. बरं होईपर्यंत सरासरी रोजाच्या 90 टक्के मिळतात, अगदी नवीन लागलेल्यालाही. डॉक्टरांच्या रजेच्या दाखल्यात मात्र एका दिवसाचाही खंड पडू देऊ नका. बोट कायमचं गेलं, तर मेडिकल बोर्ड कमाईची क्षमता किती घटली ते ठरवतं आणि त्यावर लाभ मिळतो.

ईएसआयसी लागू नसेल तर भरपाई मालकानं द्यायची. टाळाटाळ केली तर 2 वर्षांच्या आत दावा दाखल करा. आणि ठेकेदाराकडे असलात तरी मूळ कंपनीला हात झटकता येत नाहीत.