खाली पडलेलं खायचं की टाकायचं? सेकंद मोजू नका, असं ठरवा

हातातून बिस्कीट निसटतं, आपण पटकन उचलतो, फुंकर मारतो आणि तोंडात टाकतो, कारण डोक्यात पक्कं बसलेलं असतं की पाच सेकंदांच्या आत उचललं तर काही होत नाही. बहुतेक वेळा खरंच काही होत नाही, म्हणूनच हा समज टिकून आहे. पण न होण्याचं कारण ते पाच सेकंद नसतात, त्या जागी त्या वेळी घातक जंतू नव्हते एवढंच. २००३ साली अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात जिलियन क्लार्क नावाच्या शाळकरी मुलीने विद्यापीठातल्या फरश्या तपासल्या तर त्यावर जंतू फारच कमी निघाले, मग तिने फरशीच्या तुकड्यांवर मुद्दाम ई-कोलाय नावाचे जंतू लावले आणि त्यावर खाऊ ठेवला, तर पाच सेकंदांच्या आतच जंतू खाऊवर आलेले होते. म्हणजे प्रश्न वेळेचा कमी आणि जागेचा जास्त आहे.

तर पडलं की काय करायचं ते क्रमाने सांगते.

आधी उचला, पण लगेच तोंडात नको

आधी हातात घेऊन नीट बघा. केस, माती, धूळ हे दिसतंच, पण तिथे काच फुटलेली असेल, फरशी पुसायचं लिक्विड अजून ओलं असेल किंवा झुरळं-उंदरांसाठी औषध टाकलेलं असेल तर पुढचा विचारच करू नका, सरळ टाका, धुऊन घेऊ वगैरे काही नाही. घरात लहान मूल रांगत असेल तर त्याच्या हाताला लागायच्या आत उचला, कारण ते तुमच्या निर्णयाची वाट बघणार नाही.

मग पदार्थ ओला आहे की कोरडा ते बघा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे आणि लोक नेमकं हेच बघत नाहीत. जंतूंना पाय नसतात, ते ओलाव्याबरोबर सरकतात. अमेरिकेतल्याच रटगर्स विद्यापीठातल्या डोनाल्ड शॅफ्नर आणि रॉबिन मिरांडा यांनी २०१६ मध्ये यावर मोठा प्रयोग केला, कलिंगड, ब्रेड, बटर लावलेला ब्रेड आणि चघळायची जेलीसारखी गोळी असे चार पदार्थ घेतले, ते स्टील, टाइल, लाकूड आणि कार्पेट अशा चार पृष्ठभागांवर टाकले आणि एका सेकंदाहून कमी, ५, ३० आणि ३०० सेकंद असे ठेवून बघितले, एकूण २,५६० मोजमापं केली. कलिंगडावर सगळ्यात जास्त जंतू आले, गोळीवर सगळ्यात कमी. जास्त वेळ पडून राहिलं की जंतूही जास्त येतात हे खरं आहे, त्यामुळे पाच सेकंदांच्या गोष्टीत थोडं तथ्य आहे, पण काही वेळा एका सेकंदाच्या आतच जंतू चिकटले होते, म्हणजे तुम्ही कितीही चपळ असलात तरी कापलेलं फळ वाचवू शकत नाही.

म्हणून कापलेली फळं, शिजवलेले पदार्थ, चीज, मांस, कशावर तरी सॉस किंवा बटर असेल तर ते, हे सगळं पडलं की टाकलेलं बरं. कोरडं बिस्कीट, टोस्ट, चणे-शेंगदाणे यांना धोका कमी असतो. कमी म्हणजे शून्य नाही हे लक्षात ठेवा.

कुठे पडलं?

गंमत म्हणजे कार्पेट दिसायला मळकं वाटतं पण त्याच्यावरून पदार्थावर जंतू कमी येतात, कारण पदार्थ धाग्यांच्या टोकांनाच टेकतो, आणि गुळगुळीत टाइल किंवा स्टीलला पूर्ण चिकटतो म्हणून तिथून जास्त येतात. याचा अर्थ कार्पेटवरचं उचलून खा असा नाही. आणि फरशी चकचकीत दिसते म्हणजे स्वच्छ आहे असंही नाही. अमेरिकेतल्या क्लेमसन विद्यापीठातल्या पॉल डॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना कोरड्या पृष्ठभागावर साल्मोनेला नावाचे, पोट बिघडवणारे जंतू ४ आठवड्यांपर्यंत जिवंत सापडले, तेही पदार्थावर येतील इतक्या संख्येने. त्यामुळे कच्चं चिकन कापताना पाणी सांडलं ती स्वयंपाकघरातली जागा, बाथरूम, बाहेरच्या चपला जिथे येतात ती जागा, पाळीव प्राणी बसतात ती जागा, हॉस्पिटल, रस्ता, इथे पडलेलं काहीही खाऊ नका, कोरडं असलं तरी.

कोण खाणार आहे?

तुम्ही धडधाकट असाल आणि स्वतः खाणार असाल तर कोरड्या बिस्किटाचा निर्णय तुमचा. पण ५ वर्षांखालची मुलं, ६५ च्या पुढचे आजी-आजोबा, गरोदर बाई, केमोथेरपी चालू असलेलं किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेलं कोणी असेल तर त्यांच्यासाठी एकच नियम, पडलं की टाकलं. कृपा करून इथे वाया जातंय म्हणून हट्ट करू नका. अन्न टाकताना जीवावर येतं, मलाही येतं, पण काही जंतू फारच थोडे पोटात गेले तरी पुरतात, उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरस या विषाणूचे तर शंभराहून कमी कणसुद्धा माणसाला आजारी पाडू शकतात.

धुऊन किंवा गरम करून चालेल का?

सफरचंदासारखं सालीसकट अख्खं फळ असेल तर चालेल, वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, साल काढता आली तर अजून चांगलं. केळं न सोललेलं पडलं तर काहीच प्रश्न नाही, फक्त सोलल्यावर हात धुवा. शिजवायच्या आधीची भाजी पडली तर धुऊन शिजवा. कच्च्या मांसाचा तुकडा स्वच्छ जागी पडला तर वरची घाण पेपर टॉवेलने काढा आणि आतपर्यंत किमान ७५ अंश सेल्सिअस होईल असं शिजवा, नळाखाली धरू नका कारण शिंतोड्यांबरोबर जंतू ओट्यावर सगळीकडे उडतात. शिजवलेलं अन्न पडलं आणि बराच वेळ तसंच राहिलं तर मात्र गरम करूनही भरवसा नाही, काही जंतू अन्नात विष सोडतात आणि स्टॅफिलोकॉकस नावाच्या जंतूचं विष उकळूनही जात नाही.

फुंकर मारून काहीच होत नाही, उलट तोंडातले जंतू त्यावर जातात. बाळाची चोखणी पडली तर स्वतःच्या तोंडात घालून साफ करू नका, साबणाच्या पाण्याने धुवा.

खाऊन झालंय, आता?

घाबरू नका, मुद्दाम उलटी काढू नका. उलट्या-जुलाब व्हायचे असतील तर कधी काही तासांत होतात, कधी दोन-तीन दिवसांनी, साल्मोनेलाला ६ तासांपासून ६ दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. जुलाब सुरू झाले तर ओआरएस थोडं थोडं देत राहा. शौचात रक्त दिसलं, ताप १०२ फॅरनहाइटच्या वर गेला, पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी एकदम कमी झाली किंवा जुलाब ३ दिवसांत थांबले नाहीत तर डॉक्टरकडे जा, आणि लहान मूल किंवा म्हातारं माणूस असेल तर यातल्या कशाचीही वाट न बघता पहिल्याच दिवशी दाखवा.