मुलासाठी स्टेम सेल डोनर जुळवताना: सॅम्पल, रिपोर्ट आणि निवड

ट्रान्सप्लांटचं नाव निघालं की घरातला पहिला प्रश्न असतो, "कोणाचा रक्तगट जुळतो?" इथे रक्तगट दुय्यम आहे. जुळवायचं असतं ते एचएलए, म्हणजे पेशींवरची अशी प्रथिनं, ज्यांवरून रोगप्रतिकारशक्ती आपलं कोण आणि परकं कोण हे ओळखते. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, रक्तगट ठरवणारं जनुक नवव्यावर. त्यामुळे सख्ख्या भावाचं एचएलए पूर्ण जुळूनही रक्तगट वेगळा निघू शकतो, आणि तरी ट्रान्सप्लांट करता येतो. अशा वेळी मॅरोमधल्या, म्हणजे हाडांतल्या मगजामधल्या, लाल पेशी किंवा प्लाझ्मा आधी काढून टाकतात, एवढंच.

एचएलएची जनुकं एकमेकांना खेटून असतात, म्हणून ती सुटी न येता गठ्ठ्यानं येतात. या गठ्ठ्याला हॅप्लोटाइप म्हणतात. वडिलांकडे क आणि ख, आईकडे ग आणि घ हे गठ्ठे आहेत असं धरा. प्रत्येक मूल कग, कघ, खग किंवा खघ यांपैकी एक असतं. आजारी मूल कग असेल, तर एखादं सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता 25 टक्के, अर्धं जुळण्याची 50 टक्के आणि मुळीच न जुळण्याची 25 टक्के. भावंडं दोन असतील तर निदान एक पूर्ण जुळण्याची शक्यता 44 टक्के होते, तीन असतील तर 58 टक्के. आईवडील निदान अर्धे जुळतातच. पूर्ण जुळणी मिळेल या आशेनं काका, मामा, आत्या, मावशी सगळ्यांचे सॅम्पल एकदम पाठवू नका. आईवडील एकमेकांच्या नात्यातले असतील, किंवा दोघांकडे एखादा गठ्ठा सारखा निघाला, तर मात्र बाकीच्या नातेवाइकांत शोधायला खरंच अर्थ असतो.

सॅम्पल कोणाचं आणि कसं

मूल, आई, वडील आणि सगळी सख्खी भावंडं, सर्वांचं टायपिंग, म्हणजे एचएलएची तपासणी, एकाच वेळी आणि शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. खर्च वाचवायला आईवडिलांचं टायपिंग गाळलं जातं. ते गाळू नये. फक्त दोन भावंडांचे आकडे सारखे दिसले, तर ते गठ्ठे खरोखर त्याच आईवडिलांच्या त्याच बाजूनं आले की वरवर सारखे दिसताहेत, हे आईवडिलांच्या रिपोर्टशिवाय सांगता येत नाही. क्वचित गठ्ठा मधूनच तुटून दुसऱ्याशी जोडला जातो, तेही तिथेच कळतं.

रक्त ईडीटीएच्या, जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये घ्यायचं: मोठ्यांचं 3 ते 5 मिली, तान्ह्या बाळाचं 2 मिलीपर्यंत. हिरव्या टोपणाची हेपरिन ट्यूब वापरू नका, हेपरिनमुळे डीएनएची तपासणी अडते. ट्यूबवर पूर्ण नाव, जन्मतारीख आणि केस नंबर रक्त घेतल्या जागीच लिहून घ्या. भावंडांची आडनावं एक, वयं जवळची आणि ट्यूब एकाच ट्रेमध्ये. अदलाबदल होते ती इथेच.

काही मुलांच्या बाबतीत रक्ताचा सॅम्पल फसवतो. अप्लास्टिक अॅनिमियात पांढऱ्या पेशी इतक्या कमी असतात की पुरेसा डीएनए मिळत नाही. ल्युकेमियात रक्त कर्करोगाच्या पेशींनी भरलेलं असेल, तर त्या पेशींनी एचएलएचा एक गठ्ठा गमावलेला असू शकतो आणि रिपोर्टमध्ये मूल चुकून एकाच गठ्ठ्याचं दिसतं. एससीआयडी या जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारात आईच्या टी पेशी बाळाच्या रक्तात टिकून राहिलेल्या असू शकतात. या तिन्ही वेळा गालाच्या आतल्या बाजूचा स्वॅब द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाचा स्वॅब पाजल्यावर निदान तासाभरानं, तोंड ओल्या कापसानं पुसून मग घ्या, कारण आईच्या दुधातही तिच्या पेशी असतात.

रिपोर्टमधले आकडे

ए, बी, सी, डीआरबी1, डीक्यूबी1 आणि डीपीबी1 ही सहा नावं रिपोर्टमध्ये शोधा. प्रत्येकापुढे दोन नोंदी असतात, एक आईकडची, एक वडिलांकडची. उदाहरणार्थ डीआरबी1*15:01. विसर्गचिन्हासारख्या दोन टिंबांआधीचा 15 म्हणजे घराणं, नंतरचा 01 म्हणजे त्या घराण्यातलं नेमकं प्रथिन. 15:01 आणि 15:02 वेगळे आहेत. रिपोर्टमध्ये फक्त 15 असेल, तर ते लो रिझोल्यूशन टायपिंग आहे. भावंडांच्या पहिल्या चाळणीला ते चालेल, पण परका डोनर त्यावर कधीही ठरवू नका. आकड्यामागे एन असेल, जसं ए*24:09एन, तर ते जनुक पेशीवर प्रथिन आणतच नाही. त्याला ए*24:02 शी जुळलेलं धरलं, तर चूक होते.

आता मोजणी. ए, बी, सी आणि डीआरबी1 मोजले तर 8 पैकी 8, डीक्यूबी1 धरलं तर 10 पैकी 10, डीपीबी1 धरलं तर 12 पैकी 12. एकाच डोनरला एक डॉक्टर 8 पैकी 8 म्हणतात आणि दुसरे 10 पैकी 9, आणि दोघंही बरोबर असतात: न जुळलेलं एक डीक्यूबी1 असतं. म्हणून "किती जुळलं" यापेक्षा "काय जुळलं नाही" हे विचारा. फक्त डीक्यूबी1 चुकणं हे ए, बी, सी किंवा डीआरबी1 चुकण्याइतकं जड जात नाही. डीपीबी1 बाकीच्या गठ्ठ्यापासून सहज तुटतं, त्यामुळे 10 पैकी 10 जुळलेल्या बहुतेक परक्या डोनरांचं डीपीबी1 जुळत नाही. तिथे फरक सोसण्याजोगा, म्हणजे परमिसिव्ह, आहे का ते लॅबकडून लिहून घ्या.

दुसरा प्रश्न दिशेचा, आणि तो फार कमी जण विचारतात. मुलाकडे ए*02:01 दोनदा आहे, डोनरकडे ए*02:01 आणि ए*24:02. डोनरच्या पेशींना मुलाच्या शरीरात परकं काही दिसत नाही, पण मुलाच्या प्रतिकारशक्तीला 24:02 परकं दिसतं. धोका ग्राफ्ट (डोनरकडून आलेल्या पेशी) नाकारला जाण्याचा. चित्र उलटं असेल तर डोनरच्या पेशी मुलाच्या त्वचेवर, यकृतावर, आतड्यांवर हल्ला करतात, म्हणजे जीव्हीएचडी. थॅलेसेमियाच्या मुलाची प्रतिकारशक्ती शाबूत असते आणि अनेकदा रक्त घेऊन सावधही झालेली असते, म्हणून तिथे नाकारण्याच्या दिशेचा फरक जास्त सांभाळावा लागतो. शिवाय थॅलेसेमिया, अप्लास्टिक अॅनिमिया अशा कर्करोग नसलेल्या आजारांत जीव्हीएचडीपासून मुलाला कणभरही फायदा नसतो. ल्युकेमियात डोनरच्या पेशी उरलेला कर्करोग मारतात, इथे मारायला काही नसतं. म्हणून या मुलांसाठी जुळणीचा आग्रह अधिक कडक हवा, आणि हातावरच्या शिरेतून काढलेल्या पेशींपेक्षा बोन मॅरो बरा, कारण त्यात जुनाट जीव्हीएचडी कमी होतो.

जुळलेलं भावंड मिळालं, पुढे?

आनंद होतोच, पण त्या भावंडाला तोच आजार नाही ना, हे आधी पाहा. थॅलेसेमिया मायनर असलेलं, म्हणजे आजाराचं फक्त वाहक असलेलं, भावंड डोनर म्हणून चालतं. फॅन्कोनी अॅनिमियात मात्र वरून ठणठणीत दिसणाऱ्या भावंडालाही आजार असू शकतो, म्हणून त्याची क्रोमोझोम ब्रेकेज टेस्ट करा. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या आजारात आजारी मुलात सापडलेला जनुकीय बदल भावंडात शोधा. ही पायरी चुकली तर आजारी मुलाला आजारीच मॅरो मिळतो.

मग वजनाचा हिशोब. डोनरच्या दर किलोमागे 20 मिलीपेक्षा जास्त मॅरो काढत नाहीत. 12 किलोचं भावंड 240 मिली देऊ शकतं. मिलीमागे 2 कोटी पेशी धरल्या, तर 480 कोटी पेशी मिळतात. घेणारं मूल 30 किलोचं आणि लक्ष्य किलोमागे 30 कोटी असेल, तर लागतात 900 कोटी. हे आधी कळलं तर आजार थांबू देत असेल तेव्हा भावंड मोठं होईपर्यंत वाट पाहता येते, किंवा त्याच भावंडाचं नाळेचं रक्त साठवलेलं असेल तर तेही जोडीला वापरता येतं. छोट्या डोनरची बाजू पाहणारा डॉक्टर आजारी मुलाच्या टीमबाहेरचा असावा, असा आग्रह धरा. तेही तुमचंच लेकरू आहे.

भावंड जुळलं नाही तर

रजिस्ट्रीत, म्हणजे स्वेच्छेनं नाव नोंदवलेल्या परक्या डोनरांच्या यादीत, शोध त्याच आठवड्यात सुरू करा. कागदावर सापडलेला डोनर प्रत्यक्षात उपलब्ध होईपर्यंत अनेक आठवडे जातात, काही जण मधेच माघार घेतात. जुळणी सारखी असेल तर तरुण डोनर आधी. मग सीएमव्ही: मुलाला हा विषाणू पूर्वी झाला नसेल, तर डोनरही निगेटिव्ह हवा. त्यानंतर रक्तगट. डोनर बाळंतपण झालेली स्त्री आणि घेणारा मुलगा असेल, तर जीव्हीएचडीचा धोका थोडा वाढतो. नाळेच्या रक्तात (ए, बी आणि डीआरबी1 एवढेच मोजून) 6 पैकी 4 जुळणीही चालवून घेतात, मात्र किलोमागे किमान अडीच कोटी पेशी लागतात. लहान मुलांना ते पुरतं, किशोरवयीन मुलांना बऱ्याचदा नाही.

अर्धा जुळणारा डोनर, म्हणजे बहुधा आई किंवा वडील, हा आता शेवटचा नाइलाज राहिलेला नाही. ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड देऊन किंवा आधीच अल्फा-बीटा टी पेशी काढून जीव्हीएचडी आटोक्यात ठेवतात. तुमचं सेंटर यांपैकी कोणती पद्धत नेहमी करतं, ते विचारा. हात बसलेली पद्धत बरी.

पूर्ण न जुळणारा कोणताही डोनर असेल, तर डीएसए टेस्ट, म्हणजे डोनरविरुद्धच्या अँटिबॉडींची तपासणी, अनिवार्य समजा. सतत रक्त घेतलेल्या मुलात डोनरच्या एचएलएविरुद्ध अँटिबॉडी तयार झालेल्या असू शकतात, आणि त्या ग्राफ्ट रुजू देत नाहीत. रिपोर्टमध्ये एमएफआय हा अँटिबॉडीचा जोर दाखवणारा आकडा येतो. तो लॅबनुसार बदलतो, म्हणून दोन लॅबचे आकडे एकमेकांशी ताडू नका. आकडा मोठा असेल तर आधी दुसरा डोनर पाहा, अँटिबॉडी उतरवण्याचे उपचार नंतर. टेस्टनंतर मुलाला पुन्हा रक्त दिलं असेल, तर टेस्टही पुन्हा करा. घरच्यांनी प्रेमानं रक्त किंवा प्लेटलेट देऊ केले तरी घेऊ नका. उद्याचा डोनर तोच असू शकतो, आणि अँटिबॉडी त्याच्याचविरुद्ध तयार होतील. मुलाला लागणारं रक्त ल्युकोरिड्यूस्ड (पांढऱ्या पेशी गाळलेलं) आणि इरॅडिएटेड (किरणोत्सर्ग दिलेलं) असावं.

डोनर ठरला की मूल आणि डोनर, दोघांचं ताज्या सॅम्पलवर दुसऱ्यांदा टायपिंग होतं. त्याला कन्फर्मेटरी टायपिंग म्हणतात. पहिल्या ट्यूबवरचं नाव चुकलं असेल तर ते इथेच पकडलं जातं, म्हणून उरलेल्या पहिल्या सॅम्पलवर ते उरकू देऊ नका. त्या रिपोर्टसोबत डोनरची वैद्यकीय मंजुरी, संसर्गाच्या चाचण्या आणि दुसऱ्या, राखीव डोनरचं नाव फाइलमध्ये आहे का ते स्वतः पाहा. कंडिशनिंगची औषधं मुलाचा जुना मॅरो पुसून टाकतात. हे चारही कागद हाती आल्याशिवाय त्यांचा पहिला डोस चढू देऊ नका.