अमेरिकेतल्या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची ऑफर आली? आधी चार वर्षांचा हिशोब मांडा

आपल्या नागपुरात मिशनरी कॉलेज म्हटलं की फी आवाक्यात असं डोक्यात पक्कं बसलं आहे, हिस्लॉप १८८३ पासून आहे, कित्येकांचे काका-मामा तिथूनच शिकले. पण हे गणित अमेरिकेला लावू नका बाप्पा. टेक्सासच्या बेलर या ख्रिश्चन युनिव्हर्सिटीची नुसती ट्यूशन वर्षाला ५० हजार डॉलरच्या वर आहे.

माझ्या भाच्याला ऑफर आल्या तेव्हा घरातले सगळे स्कॉलरशिपचा आकडाच पाहून राहिले होते. तो आकडा बाजूला ठेवा. ट्यूशन, होस्टेल, मेस, इन्शुरन्स, पुस्तकं सगळं जोडा आणि मग त्यातून स्कॉलरशिप वजा करा. समजा एकीचा एकूण खर्च ६२ हजार डॉलर आणि स्कॉलरशिप २२ हजार, दुसरीचा ४४ हजार आणि स्कॉलरशिप १२ हजार, तर छोटी स्कॉलरशिप देणारी दुसरी वर्षाला ८ हजारांनी स्वस्त पडते. आणि फी दरवर्षी वाढते पण स्कॉलरशिप बहुतेक तेवढीच राहते, म्हणजे वाढ पूर्ण आपल्याच खिशातून, खर्च ४ टक्क्यांनी वाढला तर पहिलीत आज ४० हजार भरणारा चौथ्या वर्षी ४७ हजारांच्या वर भरतो, त्यात डॉलर महागला तर ते वेगळंच. स्कॉलरशिप टिकवायला किती जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, लागतो तेही लेखी घ्या.

कॉलेज स्कोअरकार्ड ही तिथल्या सरकारची साइट जरूर पाहा, पण त्यातला नेट प्राइस, म्हणजे मदत वजा जाऊन उरणारा खर्च, आपला नाही, तो तिथली सरकारी मदत घेणाऱ्या मुलांचा आहे. आपल्यासाठी त्या युनिव्हर्सिटीचा कॉमन डेटा सेट, म्हणजे कॉलेजं ठरलेल्या नमुन्यात भरतात तो माहितीचा तक्ता, शोधा, त्यात एच-सिक्स भागात बाहेरच्या देशातल्या किती मुलांना सरासरी किती मदत मिळाली ते असते. मला तर सगळ्यात कामाचं पान हेच वाटलं.

चर्चचा संबंध फीवर कसा पडतो ते प्रत्येक ठिकाणी वेगळं. युटाच्या ब्रिगहॅम यंग युनिव्हर्सिटीत त्यांच्या मॉर्मन चर्चचे मेंबर नसाल तर ट्यूशन दुप्पट. उलट केंटकीचं बेरिया कॉलेज ट्यूशनच घेत नाही, मुलांनी कॅम्पसवर काम करायचं, फक्त बाहेरच्या देशातली मुलं ते मोजकीच घेतात. नोट्र डेम या कॅथलिक युनिव्हर्सिटीने २०२४ मध्ये जाहीर केलं की परदेशी मुलांनाही अ‍ॅडमिशन देताना पैशाची ऐपत पाहणार नाही, पण तिथे नंबर लागणंच कठीण.

आता कोर्स. डिग्रीनंतर ओपीटीवर, म्हणजे स्टुडंट व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या परवानगीवर, १२ महिने काम करता येते, कोर्स स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, मॅथ्स) असेल तर आणखी २४, आणि कोर्स स्टेममध्ये येतो का हे नावावरून नाही तर आय-ट्वेंटी या व्हिसासाठी कॉलेज देते त्या फॉर्मवरच्या सीआयपी कोडवरून, म्हणजे विषयाच्या सरकारी नंबरावरून, ठरते. लोन फेडायचं असेल तर हा फरक फार मोठा आहे, म्हणून ऑफर घ्यायच्या आधीच कोड विचारा.

छोट्या कॉलेजची तब्येतही पाहा. पेनसिल्व्हेनियाची कॅब्रिनी ही कॅथलिक युनिव्हर्सिटी २०२४ मध्ये बंदच झाली. बहुतेक प्रायव्हेट कॉलेजांचा फॉर्म नाईन-नाइन्टी, म्हणजे टॅक्स खात्याला दिलेला जमाखर्च, नेटवर फुकट मिळतो, दोन-तीन वर्षं सलग खर्च उत्पन्नापेक्षा जास्त दिसला तर मी तरी पोराला तिथे पाठवणार नाही. आणि डिपॉझिट भरायच्या आधी, व्हिसा नाही मिळाला तर ते परत देता का हे ईमेलवर विचारून उत्तर जपून ठेवा.