मेजर-मायनरचा आरसा: या चुका टाळा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या क्लासमध्ये कीबोर्ड शिकणारी पोरं हल्ली 'निगेटिव्ह हार्मनी'चे (स्वर आरशासारखे उलटवून मेजरचं मायनर करण्याच्या पद्धतीचे) व्हिडिओ बघून कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे स्वर, उलट्या करायला बसतात आणि थोड्याच वेळात वैतागतात. बहुतेकांचं एकाच ठिकाणी अडतं: आरसा कुठं धरायचा हे न ठरवताच स्वर उलटवायला घेतात.

मेजर म्हणजे खालून 4 आणि 3 सेमीटोन (लगतच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन), मायनर म्हणजे 3 आणि 4, हे पाठ असतं. आता पांढरी एकचा 'सा' धरून सा-ग-प, म्हणजे सी मेजर, घ्या. आरसा 'रे'वर धरला, तर ध-सा-ग म्हणजे ए मायनर. 'सा'वर धरला, तर एफ मायनर. कोमल ग आणि शुद्ध ग यांच्या मधोमध धरला (हा 'मधला आरसा'), तर सी मायनर. एकाच मेजरचे तीन मायनर, आणि तिन्ही बरोबर! म्हणून 'सी मेजरचं प्रतिबिंब कुठलं?' हा प्रश्नच अर्धा आहे.

दुसरी चूक बेसची. मधल्या आरशात सा-प आणि रे-म जागा बदलतात, त्यामुळे 'सा'कडे ओढणाऱ्या जी सेव्हन कॉर्डचे प-नी-रे-म उलटून रे-म-कोमल ध-सा होतात. पचा सा झाला म्हणून डावा हात खाली सा धरून बसतो. सा आधीच वाजला, की घरी, म्हणजे सावर, परतण्याची ओढच उरत नाही. बेसला म द्या, मग सावर या. फरक लगेच कानाला कळेल.

आपलं कोल्हापूर थोर गायक अल्लादियाखाँसाहेबांचं गाव, त्यामुळे रागाचा विषय निघणारच. बिलावल 'सा'वर उलटवला की भैरवीचे स्वर मिळतात, मधल्या आरशात आसावरीचे. मला हे फार सुंदर वाटतं. पण उलटतो तो थाट, म्हणजे नुसता सात स्वरांचा संच. चलन (स्वरांची चाल), वादी (मुख्य स्वर), विश्रांतीच्या जागा आरशातून येत नाहीत. त्याला राग म्हणू नका.

मायनरचा उगम निसर्गात शोधताना जर्मन संगीतशास्त्रज्ञ ह्यूगो रीमान (1849–1919) यांनी मूळ स्वराखाली उतरणाऱ्या 'अंडरटोन'चा आधार घेतला होता. तार छेडल्यावर असे स्वर निघत नाहीत. ही सममिती स्वरांतरांची आहे, तारेची नाही.

उत्तर चुकतंय असं वाटलं तर सा = 0 धरून सेमीटोन मोजा. मधल्या आरशातल्या प्रत्येक जोडीची बेरीज 7 किंवा 19 यायला हवी: रे 2 + म 5 = 7, ध 9 + कोमल नी 10 = 19. बेरीज बिघडली, तर तोच स्वर चुकलाय.