लग्न आणि घोड्यांचे शो: दोन्हीला पुरणारी एकच कॅमेरा बॉडी कशी निवडावी

दोन्ही कामं करायची आणि बॉडी एकच घ्यायची, तर एक नियम धरून चालावं. बॉडी नापास करायचा अधिकार लग्नाला द्यायचा आणि पास झालेल्यांतून निवड घोड्याच्या निकषांवर करायची. एक उडी हुकली तरी पाठोपाठ दुसरा स्पर्धक रिंगणात येतो, अंतरपाट मात्र पुन्हा धरला जात नाही.

लग्नाची पहिली अट म्हणजे दोन कार्डांचे स्लॉट आणि दोन्हींवर एकाच वेळी रॉ (सेन्सरची मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल). बॉक्समधून काढल्यावर दुसरं कार्ड बहुधा बॅकअपवर लावलेलं नसतं. ती सेटिंग आधी बदला. बॅकअपवर लिहिताना वेग ठरतो तो हळू स्लॉटचा. एका स्लॉटमध्ये सीएफएक्स्प्रेससारखं जलद कार्ड आणि दुसऱ्यात जुनं स्वस्त एसडी असेल, तर सलग फ्रेम मारल्यावर बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा अडखळतो. लोक कॅमेऱ्याला दोष देतात, पण दोष कार्डाचा असतो. व्ही९० या जलद दर्जाची एसडी कार्डं घ्या आणि तो खर्च बॉडीच्या किमतीत धरूनच हिशोब करा.

दुसरी अट प्रकाशाची. पुण्यात डी. पी. रोडवरच्या लॉन्समध्ये रात्रीचं रिसेप्शन म्हणजे स्टेजमागे एलईडी वॉल, वर पार कॅन म्हणजे रंगीत स्टेज-दिवे आणि समोर अंधार. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात. १/१०० किंवा १/५० शटरला ते निभावतं. एलईडी वॉलची लुकलुक मात्र याहून फार जलद असते आणि पडदा न हलवता चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक शटरवर फोटोत आडवे पट्टे उमटतात. म्हणून हॉलमध्ये मेकॅनिकल म्हणजे खऱ्या पडद्याचं शटर वापरायचं, आणि बॉडीत शटरचा वेग अगदी बारीक पायरीने हलवता येणारी अँटी-फ्लिकर सोय आहे का, ते पाहायचं.

आता सायलेंट, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरबद्दल, कारण लग्नाला ते हवंच असे परदेशी सल्ले वाचून इथे गल्लत होते. मराठी लग्नात मंगलाष्टकं माइकवर चाललेली असतात, बाहेर बँड तयार असतो. तिथे शटरचा आवाज कोणाला ऐकू येणार? शांतता लागते ती ड्रेसाजच्या, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध चालींच्या स्पर्धेच्या रिंगणाशेजारी. तिथे फ्लॅश तर वापरायचाच नसतो, आणि जवळून आलेल्या खटखटीने कोवळा घोडा बिचकू शकतो. म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर चांगलं हवं ते घोड्यासाठी.

चांगलं म्हणजे काय, ते आकड्यात पाहू. शो-जम्पिंगमध्ये, म्हणजे अडथळ्यांवरून उड्यांच्या स्पर्धेत, मिनिटाला ३५० मीटर हा नेहमीचा वेग, म्हणजे सेकंदाला जवळजवळ ५.८ मीटर. सेकंदाला १० फ्रेम घेतल्या तर दोन फ्रेमच्या मध्ये घोडा ५८ सेंटिमीटर सरकलेला असतो. पुढचे गुडघे दुमडलेले, कान पुढे आणि घोडा उडीच्या माथ्यावर, असा क्षण या फटीत सहज निसटतो. २० फ्रेमला ही फट २९ सेंटिमीटरवर येते.

पण नुसत्या फ्रेम मोजून भागत नाही. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं. सोनी ए७ फोरला त्यासाठी सुमारे १/१५ सेकंद लागतो. तेवढ्यात तोच घोडा ३९ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. पाय वाकडे दिसतात, आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवला (पॅन केलं) तर अडथळ्याचे उभे खांब तिरपे होतात. कॅनन आर६ मार्क टू सुमारे १५ मिलिसेकंद घेतो, तिथे हा फरक ९ सेंटिमीटरच्या आत राहतो. निकॉन झेड६ थ्रीचा सेन्सर अंशतः स्टॅक्ड (जलद वाचनासाठी थर रचलेला) आहे आणि तोही जवळपास तेवढाच जलद आहे, तर निकॉन झेड८ किंवा कॅनन आर५ मार्क टू पूर्ण स्टॅक्ड असल्याने त्यांत ही अडचण जवळपास उरत नाही.

आमचं मत असं. बहुतेकांनी आर६ मार्क टू घ्यावा. मेकॅनिकल शटरवर १२ फ्रेम, दोन्ही एसडी स्लॉट सारखेच जलद, आणि प्राणी ओळखण्याच्या यादीत घोडा आहे. कॅननच्या जुन्या ईएफ लेन्स असतील तर त्या अडॅप्टरवर उत्तम चालतात. ड्रेसाजचं काम जास्त असेल तर झेड६ थ्री: इलेक्ट्रॉनिक शटरवर २० फ्रेम रॉ. ए७ फोर लग्नाला छान, घोड्याला फक्त मेकॅनिकलवर. त्यातही एक मेख आहे. १० फ्रेमचा वेग लॉसी कॉम्प्रेस्ड (थोडी माहिती गमावून लहान केलेल्या) रॉवरच मिळतो, लॉसलेस (काहीही न गमावणारं) निवडलं की तो साधारण ६ वर येतो. झेड८ घोड्याला सरस, पण त्याला मेकॅनिकल शटरच नाही, आणि प्रत्येक लग्नाच्या ४५ मेगापिक्सेलच्या फायली दोन-दोन ठिकाणी साठवाव्या लागतील.

मेगापिक्सेलचा खरा उपयोग क्रॉपमध्ये. ७०-२०० एफ २.८ लेन्सवर एपीएस-सी क्रॉप (सेन्सरचा फक्त मधला भाग वापरणं) लावला तर ४५ मधून सुमारे १९ मेगापिक्सेल उरतात, ३३ मधून १४, आणि २४ मधून जेमतेम १०. बॉडीत पैसे संपवून एफ ४ ची लेन्स घेऊ नका. संध्याकाळी फ्लडलाइटखाली १/१००० शटर ठेवायचं तर एक पूर्ण स्टॉप, म्हणजे निम्मा प्रकाश, महाग पडतो. शिवाय २०० मिलिमीटर, एफ २.८ वर २० मीटरवरून फोकसची खोली साधारण १.७ मीटर मिळते, घोड्याचं डोकं आणि स्वाराचा चेहरा दोन्ही त्यात बसतात. १० मीटरवर ती ४० सेंटिमीटरच्या आसपास राहते आणि दोघांतला एक मऊ होतोच. तेव्हा उडीपासून थोडं लांब उभं राहावं.

ऑटोफोकसची परीक्षा दुकानात घ्यायची नाही, दुकानाबाहेरच्या फुटपाथवर घ्यायची. मिनिटाला ३५० मीटर म्हणजे ताशी २१ किलोमीटर: लक्ष्मी रोडवर स्कूटर याच वेगाने येते. हेल्मेटमधला चालक हा घोडेस्वारासारखाच, चेहऱ्यावर सावली आणि हनुवटीखाली पट्टा. समोरून येणाऱ्या स्कूटरवर फोकस धरा, सलग फ्रेम मारा आणि घरी जाऊन १०० टक्क्यांवर पाहा. स्कार्फ बांधलेला चेहरा मिळाला तर अजून चांगलं. मध्ये रिक्षा आडवी गेल्यावर फोकस रिक्षावर उडतो की चालकावर टिकतो, हे मुख्य. अंतरपाट दूर झाल्याक्षणी कॅमेरा आणि चेहरा यांच्यामध्ये अक्षता उडतात, शोमध्ये अडथळ्याचे खांब मध्ये येतात, अडचण एकच.

ती सेटिंगमधून कमी होते, पण कंपन्यांचे आकडे उलटसुलट आहेत. सोनीत ट्रॅकिंग सेन्सिटिव्हिटी १ म्हणजे चिकटून राहणं, निकॉनमध्ये ब्लॉक्ड शॉट रिस्पॉन्स ५ म्हणजे तेच, कॅननमध्ये केस २. ब्रँड बदलणारे जुन्या सवयीने आकडा ठेवतात आणि फोकस अक्षतांवर जातो.

दोन्ही कामांची सेटिंग कस्टम मोडवर कायमची ठेवा. एकावर लग्न: मेकॅनिकल शटर, विषय माणूस, अँटी-फ्लिकर चालू. दुसऱ्यावर घोडा: शटर उडीला १/१६००, ड्रेसाजच्या ट्रॉटला (दुडक्या चालीला) १/१०००, ऑटो आयएसओ, विषय प्राणी. वरातीत नवरदेव घोड्यावर असला तरी मोड लग्नाचाच, नाहीतर कॅमेरा मुंडावळ्यांमागचा चेहरा सोडून घोड्याचा डोळा पकडतो. आणि तिथे फ्लॅश घोड्याच्या तोंडासमोर मारू नका.

जुनी बॉडी घेत असाल तर शटर काउंट बघाच, पण शोमध्ये वापरलेल्या बॉडीत खरी झीज वेगळीकडे असते. रिंगणातली बारीक माती डायलच्या फटीत बसते, तेव्हा प्रत्येक डायल फिरवून करकर ऐका. एफ १६ वर आकाशाचा फोटो काढून सेन्सरवरचे डाग तपासा. हॉट शूवर (कॅमेऱ्याच्या माथ्यावरच्या फ्लॅशच्या खाचेवर) फ्लॅश लावून हलवा, सैल असेल तर ती बॉडी लग्नाला चालणार नाही. आणि लग्नाच्या दिवशी दुसरी बॉडी भाड्याने घ्या, त्याच माउंटची, त्याच बॅटरीची. तो खर्च कोटेशनमध्ये आधीच लिहा.