रात्रपाळीत डोकं चालेना, तेव्हा काय उपयोगी पडलं

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मी तपासणी विभागात आहे. रात्रपाळीच्या आठवड्यात पहाटे ४ च्या सुमारास मायक्रोमीटरवरचा आकडा वहीत लिहीपर्यंत डोक्यातून जायचा. तेच माप पुन्हा घ्यावं लागे. तब्बल १७ तास जागं राहिलेल्या माणसाचं लक्ष रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असल्यासारखं ढासळतं, हे वाचून मला खरंच भीती वाटली. आमच्या हातातून ब्रेकचे पार्ट जातात!

शरीराचं घड्याळ उजेड बघून जुळतं. (त्याची पेशींतली यंत्रणा उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेल मिळालं.) सकाळी सिडकोत घरी येताना डोळ्यांवर ऊन आलं की मेलाटोनिन (झोपेची वेळ झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक) दबतं आणि झोप उडते. म्हणून आता परतताना गॉगल, खोलीला जाड काळे पडदे, मोबाइल बाहेर आईकडे. पेंग येत असेल तर मात्र गाडीला हात लावायचा नाही, रिक्षा करायची.

सगळ्यात जास्त फरक चहाची वेळ बदलल्याने पडला. चहातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण ५ तास लागतात. त्यामुळे शेवटचा कप रात्री १ ला, पहाटेचा बंद. शिवाय पाळीला निघण्याआधी संध्याकाळी दीड तास झोपतो.

आता माप एकदाच घेतो आणि ते लक्षात राहतं. पाळी बदलताना रविवार अजून जडच जातो. त्या दिवशी सकाळी गोदाघाटावर उन्हात चालून येतो, थोडं सोपं होतं.