दाव्याचं समन्स आलं, तर आधी वादपत्र वाचा

अमळनेरच्या कोर्टात मी वकिली करतो. तापीकाठचे एक केळी बागायतदार समन्स घेऊन आले. "भाऊ, आता वर्षानुवर्षं खेटे घालायचे का?" डोळ्यांत पाणी होतं. मी म्हटलं, बसा, आधी वादपत्र, म्हणजे दावा लावणाऱ्याचं (वादीचं) लेखी म्हणणं, वाचू.

दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधल्या आदेश ७ नियम ११ खाली पुरावा सुरू होण्याआधीच वादपत्र फेटाळता येतं. पण कोर्ट तेव्हा फक्त वादपत्र आणि त्यासोबतचे कागद बघतं. तुमची कैफियत, म्हणजे दाव्याला दिलेलं लेखी उत्तर, कितीही खरी असो, ती इथे चालत नाही. हे न समजल्यानेच वादपत्र फेटाळण्याचे पुष्कळ अर्ज पडतात.

त्यांच्या साठेखतात, म्हणजे विक्रीच्या आधीच्या करारात, खरेदीखताची तारीख लिहिलेली होती, ३१ मार्च २०१५. त्यावरून खरेदीखत करून मागणारा दावा २०२३ चा. तारीख ठरलेली असेल तर असा दावा लावायची मुदत तिथून ३ वर्षं. मुदतवाढीचा शब्दही वादपत्रात नव्हता. परिच्छेद क्रमांकासह तारखा अर्जात मांडल्या. तारीखच ठरलेली नसती, तर खरेदीखताला दिलेला नकार वादीला कधी कळला हा पुराव्याचा प्रश्न झाला असता.

वादपत्रात वादकारणच, म्हणजे दावा लावायचं कायदेशीर कारणच, दिसत नसेल, तरीही अर्ज करा. कोर्ट फी कमी असेल तर वादीला ती भरायला आधी वेळ मिळतो. म्हणून त्या मुद्द्यावर फार विसंबू नका. एखादीच मागणी बाद होत असेल तर वादपत्र तुकड्याने फेटाळत नाहीत.

वादपत्र फेटाळलं तर वादी अपील करू शकतो. मुदत उरली असेल तर नवा दावाही.

आणि कैफियत द्यायचे ३० दिवस या अर्जाने थांबत नाहीत. तीही तयार ठेवा.